मातांचा त्राता : डॉ. इग्नाझ सेमेलवाइस

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायका पूर्वापार म्हणत आल्या आहेत. या म्हणण्यात अतिशयोक्ती मुळीच नव्हती. आमच्या बालपणी आळीतील एखादी लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, म्हणजे त्या घरच्या आनंदाच्या पोटी एक धास्तीही दडलेली असे. पाचवीच्या रात्री पूजा मांडताना आजीचा चेहरा इतका गंभीर का होतो, हे त्या वयात आम्हांस उमगत नसे. आज ते उमगते. बाळ सुखरूप जन्मले तरी आईवरचे संकट टळले असे मानावयाची त्या काळी सोय नव्हती. दोनतीन दिवसांनी अंगात कणकण येई, ताप चढे, पोट फुगे आणि पाहता पाहता नांदते घर उघडे पडे.

मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी चिटणीसांची सूचना आली, तेव्हा आमच्या मनात प्रथम हाच विषय उभा राहिला. ज्यांची ओळख आम्ही येथे करून देणार आहोत ते आपल्या ज्ञातीचे नव्हत, प्रांताचे नव्हत, देशाचेही नव्हत. परंतु आपल्या प्रत्येक घरावर त्यांचे ऋण आहे. त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट तर आपण सर्वांनी, विशेषतः घरातील कर्त्या पुरुषांनी, नीट ध्यानी घेण्याजोगी आहे.

डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा या नगरात झाला. डॅन्यूब नदीच्या एका तीरावर बुडा व दुसऱ्या तीरावर पेस्ट अशी ही दोन नगरे त्या काळी निरनिराळी होती. पुढे ती एक होऊन बुडापेस्ट झाले. सेमेलवाइस यांचे वडील किराणा मालाचे मोठे व्यापारी होते आणि घरात दहा मुले होती. मुलाने कायदा शिकावा म्हणून १८३७ साली त्यास ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे पाठविण्यात आले. परंतु त्यांचे मन कायद्यात रमले नाही. वर्षभरातच त्यांनी वैद्यकाची वाट धरली आणि १८४४ साली ते डॉक्टर झाले. पुढे प्रसूतिशास्त्राचा विशेष अभ्यास करून १८४६ च्या जुलैमध्ये व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील प्रसूतिगृहात प्राध्यापक क्लाइन यांचे साहाय्यक म्हणून ते रुजू झाले.

हे प्रसूतिगृह त्या काळच्या युरोपात नामांकित होते. तेथे येणाऱ्या स्त्रिया बहुतेक गरीब, मोलमजुरी करणाऱ्या, कित्येक तर निराधार असत. त्यांच्याकडून पैसा घेतला जात नसे व मुलाच्या संगोपनाचीही सोय होई. मात्र त्या बदल्यात विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी आपला देह उपलब्ध करून देणे हे त्यांचे मोल होते. कोणी तपासावे, किती वेळा तपासावे, याविषयी त्यांस कोणी विचारीत नसे.

या प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत व दुसऱ्या विभागात सुईणी शिकत. एके दिवशी येणाऱ्या बायका पहिल्या विभागात, तर दुसऱ्या दिवशी येणाऱ्या दुसऱ्या विभागात, असा नियम होता. म्हणजे कोणत्या बाईने कोठे बाळंत व्हावयाचे हे तिच्या इच्छेवर नव्हे, तर वारावर ठरे.

आता आकडे पाहा. १८४६ या एका वर्षात पहिल्या विभागात ४,०१० प्रसूती झाल्या व त्यांत ४५९ माता दगावल्या. दुसऱ्या विभागात ३,७५४ प्रसूती झाल्या व १०५ माता दगावल्या. एकीकडे शेकडा अकराहून अधिक, दुसरीकडे शेकडा तीनाहूनही कमी. एकच इमारत, एकच हवा, एकच अन्न. शिवाय जेथे विद्वान डॉक्टर होते तेथेच मृत्यू अधिक. या रोगास सूतिकाज्वर म्हणत.

ही गोष्ट डॉक्टरांच्या वहीत नोंदलेली होती, पण त्यांच्या मनास ती पुरेशी टोचत नव्हती. बायकांना मात्र ती पक्की ठाऊक होती. शहरातील गरीब वस्त्यांतून पहिल्या विभागाची अपकीर्ती घरोघर पसरली होती. आज पहिल्या विभागाचा दिवस आहे हे दारात कळताच कित्येक बायका गुडघे टेकून, हात जोडून, आम्हांस तेथे नेऊ नका अशी विनवणी करीत. कित्येक जणी तर प्रसूती होईपर्यंत रुग्णालयात पाऊलच ठेवीत नसत. रस्त्यावर, गल्लीबोळात बाळंत होऊन मग मुलासह येत आणि वाटेतच मोकळी झाले असे सांगत. तसे सांगितले म्हणजे मुलाच्या संगोपनाचा हक्क कायम राही आणि त्या विभागातील तपासणीतूनही सुटका होई.

बायकांच्या या आक्रोशास त्या काळच्या वैद्यकीय अधिकाराने काय किंमत दिली? त्यास अडाणी बायकांची भीती म्हणून बाजूस सारण्यात आले. इतकेच नव्हे, तर ही भीतीच रोगाचे कारण असावे असेही काहींनी प्रतिपादिले. पुरुषांनी तपासल्यामुळे लज्जा दुखावते व त्यामुळे ताप येतो, असाही एक तर्क होता. वातावरणातील कसल्याशा दूषित प्रभावावर तर पुष्कळांचा भरवसा होता. चौकशीसाठी एक समिती नेमली गेली. परदेशी विद्यार्थी बायकांना धसमुसळेपणाने तपासतात असे ठरवून तिने बहुतेक परदेश्यांना कमी केले. मृत्यू काही दिवस घटले आणि पुन्हा वाढले.

सेमेलवाइस यांचे वेगळेपण येथेच दिसते. बायकांचे म्हणणे त्यांनी थट्टेवारी नेले नाही. त्या ज्यास भितात त्यात काही तथ्य असले पाहिजे, असे धरून ते शोध करू लागले. रस्त्यावर बाळंत होऊन आलेल्या बायकांची त्यांनी वेगळी नोंद पाहिली. उघड्यावर, कोणाच्याही मदतीवाचून प्रसूत झालेल्या या बायकांस सूतिकाज्वर क्वचितच होई. उलट ज्या पहिलटकरणींच्या वेणा लांबत व ज्यांना वारंवार तपासले जाई, त्या बहुधा वाचत नसत. वातावरण दूषित असेल तर ते रस्त्यावरच्या बाईला का बाधत नाही, हा साधा प्रश्न त्यांना झोप येऊ देईना.

त्यांनी एकेक तर्क तपासून पाहिला. मरणोन्मुख बाईच्या अंत्यविधीसाठी येणारा धर्मगुरू घंटा वाजवीत पहिल्या विभागाच्या दालनांतून जात असे. त्या घंटेच्या धसक्याने ताप येत असेल म्हणून त्यांनी त्यास दुसऱ्या वाटेने, घंटा न वाजविता येण्याची विनंती केली. फरक पडला नाही. दुसऱ्या विभागात बायकांना कुशीवर निजवून प्रसूत करीत, तसे पहिल्यातही करून पाहिले. तरीही फरक पडला नाही.

१८४७ च्या मार्चमध्ये त्यांचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का यांस शवविच्छेदन चालू असता एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरी लागली आणि त्या जखमेतून विष भिनून ते वारले. सेमेलवाइस त्या वेळी व्हेनिसच्या प्रवासास गेले होते. परत येताच त्यांनी मित्राच्या शवपरीक्षेचा अहवाल वाचला, आणि शोकाच्या त्या घडीसच त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. सूतिकाज्वराने गेलेल्या मातांच्या देहात जे विकार आढळत तेच कोलेच्का यांच्या देहात आढळले होते. सुरीने जे केले तेच डॉक्टरांच्या हातांनी होत होते. पहिल्या विभागातील डॉक्टर व विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करून, हात जेमतेम धुऊन, थेट बाळंतिणींना तपासावयास येत. दुसऱ्या विभागातील सुईणी शवाला हात लावीत नसत. दोन विभागांमधला खरा भेद एवढाच होता.

१८४७ च्या मेच्या मध्यापासून त्यांनी नियम घातला की, क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात स्वच्छ धुतल्यावाचून कोणीही बाळंतिणीस शिवावयाचे नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये पहिल्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा अठरावर गेले होते. जुलैमध्ये २५० प्रसूतींत केवळ तीन माता दगावल्या. पुढे कर्करोग झालेल्या एका बाईला तपासून त्याच हातांनी इतरांना तपासल्यावर पुन्हा मृत्यू झाले, तेव्हा विष केवळ प्रेतातूनच नव्हे, तर जिवंत देहातील सडलेल्या जखमेतूनही येते हे त्यांनी ओळखले आणि प्रत्येक बाईस तपासण्यापूर्वी हात धुण्याचा दंडक केला. १८४८ या वर्षात पहिल्या विभागातील ३,५५६ प्रसूतींत ४५ मृत्यू, व दुसऱ्या विभागातील ३,३१९ प्रसूतींत ४३ मृत्यू झाले. दोन्ही विभाग एकसारखे झाले. त्या वर्षी मार्च व ऑगस्ट या दोन महिन्यांत तर पहिल्या विभागात एकही माता दगावली नाही.

एवढे डोळ्यांदेखत घडल्यावर जगाने या तरुण डॉक्टरास डोक्यावर घ्यावयास हवे होते. घडले उलट. या शोधाचा अर्थ असा होता की, हजारो मातांना मृत्यूच्या दारी नेणारे हात डॉक्टरांचेच होते. आपले हात अशुद्ध असू शकतात, हे मान्य करणे प्रतिष्ठित मंडळींना जड गेले. सेमेलवाइस यांनी स्वतःस यातून वगळले नव्हते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. शवविच्छेदनाचा त्यांना विशेष ध्यास होता. म्हणून आपल्याच हातून किती माता अकाली गेल्या हे एक ईश्वरच जाणे, अशी कबुली त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात दिली. जर्मनीतील कील येथील प्राध्यापक मिखाएलिस यांनाही हा शोध पटला. परंतु आपण स्वतः जिची प्रसूती केली ती आपली नात्यातील भगिनी आपल्याच हातून दगावली, या जाणिवेने ते इतके व्याकुळ झाले की १८४८ साली त्यांनी आत्मघात केला. इतरांनी मात्र कबुलीपेक्षा इन्कार सोपा मानला.

हेब्रा, श्कोडा, रोकिटान्स्की असे व्हिएन्नातील काही नामवंत वैद्य त्यांच्या पाठीशी होते. परंतु १८४८ च्या राज्यक्रांतीने वातावरण तापले होते आणि हंगेरियन सेमेलवाइस वरिष्ठांच्या मर्जीतून उतरले. १८४९ च्या मार्चमध्ये त्यांची नेमणूक पुढे चालविण्यात आली नाही. १८५० साली अध्यापनाची परवानगी मिळाली, तीही केवळ पुतळ्यावर शिकविण्यापुरती. या अपमानाने खिन्न होऊन ते काही दिवसांतच मित्रांचा निरोपही न घेता पेस्ट येथे निघून गेले.

पेस्टच्या सेंट रोख रुग्णालयातील प्रसूतिविभाग त्यांनी १८५१ साली विनावेतन हाती घेतला. पुढील सहा वर्षांत तेथे ९३३ प्रसूती झाल्या व सूतिकाज्वराने केवळ आठ माता दगावल्या. १८५५ साली ते पेस्टच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले व १८५७ साली त्यांचा विवाह झाला. त्यांस पाच अपत्ये झाली. त्यांतील पहिली दोन तान्हेपणीच गेली. इतरांच्या घरातील पाळणे सांभाळणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरातही पाळणा रिकामा होण्याचे दुःख चुकले नाही.

त्यांचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर हे चरित्र न राहता आरती होईल. शोध लागल्यावर दहा वर्षांहून अधिक काळ त्यांनी स्वतः त्यावर ग्रंथ लिहिला नाही. १८६१ चा त्यांचा ग्रंथ विस्कळीत होता आणि त्यात विरोधकांवर जागोजागी कठोर टीका होती. त्यानंतर त्यांनी मोठमोठ्या प्राध्यापकांना उघड पत्रे लिहून खुनी ठरविले. सत्य त्यांच्या बाजूस होते, परंतु ते दुसऱ्याच्या गळी उतरविण्यास लागणारा धीर त्यांच्यापाशी उरला नव्हता. आणखी एक उणीव आम्हांस जाणवते. ज्या बायकांच्या भीतीतून त्यांना वाट सापडली, त्या बायकांना खरे कारण सांगून त्यांच्या हाती काही अधिकार द्यावा, हे त्यांनाही सुचले नाही. लढाई डॉक्टर विरुद्ध डॉक्टर अशीच राहिली. आपल्याला तपासणाऱ्याने हात धुतले की नाही, हे विचारण्याची मुभा बाळंतिणीस असती, तर कदाचित हा शोध इतकी वर्षे अडून राहिला नसता.

१८६५ साली त्यांच्या मनाचा तोल गेला. जुलैच्या अखेरीस नवी संस्था दाखविण्याच्या मिषाने त्यांना व्हिएन्नातील वेड्यांच्या रुग्णालयात नेण्यात आले. नेणाऱ्यांत त्यांचे जुने मित्र हेब्रा होते. तेथून बाहेर पडण्याची धडपड करताच रखवालदारांनी त्यांना मारहाण केली व कोंडून घातले. जखम चिघळली, विष अंगात भिनले आणि दोन आठवड्यांतच, १३ ऑगस्ट १८६५ रोजी, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. ज्या विषाशी ते जन्मभर झगडले, तशाच विषाने त्यांचा बळी घेतला.

त्यानंतर दोनच वर्षांनी लिस्टर यांनी शस्त्रक्रियेतील जंतुनाशनाची पद्धत प्रसिद्ध केली आणि १८७९ साली पाश्चर यांनी सूतिकाज्वराचे जंतू पॅरिसच्या विद्वानांपुढे फळ्यावर काढून दाखविले. सेमेलवाइस खरे ठरले, परंतु ते पाहावयास ते हयात नव्हते. १९६९ साली बुडापेस्टच्या वैद्यकीय विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले, आणि त्यांच्या जन्मघरात आज वैद्यकाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे.

आपल्याकडेही याच दुःखातून एक ज्योत उजळली होती. चौदाव्या वर्षी आई होऊन दहा दिवसांत बाळ गमावलेल्या आनंदीबाई जोशी त्या दुःखानेच वैद्यकाकडे वळल्या. १८८६ साली फिलाडेल्फिया येथे त्या डॉक्टर झाल्या आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच होता. बाईचे दुखणे बाई जितके मोकळेपणी बाईला सांगेल तितके पुरुषाला सांगणार नाही, हे त्यांना कळले होते.

या चरित्रापासून कोणी असा बोध घेऊ नये की, रुग्णालय वाईट आणि घरचे बाळंतपण बरे. दुसऱ्या विभागातील सुईणी अधिक ज्ञानी होत्या म्हणून तेथील बायका वाचल्या असे नव्हे, आणि अखेर मृत्यू घटविले ते एका डॉक्टरानेच. आज आपल्या लेकीसुना रुग्णालयात सुखरूप बाळंत होतात हे विद्येचे उपकार आहेत. परंतु विद्या डॉक्टरांची असली तरी देह त्या बाईचा असतो, आणि त्या देहाविषयी ती जे सांगते ते ऐकून घेणे हासुद्धा विद्येचाच भाग आहे. व्हिएन्नाच्या बायकांना कारण ठाऊक नव्हते, पण धोका ठाऊक होता.

२०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील शेकडा २१ हून अधिक प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले. खाजगी दवाखान्यांत हे प्रमाण शेकडा ४७ होते. त्यांतील अनेक शस्त्रक्रियांनी जीव वाचले असतील यात संशय नाही. परंतु त्या किती जणींना कारण समजावून सांगितले गेले आणि किती जणींना विचारले गेले? सज्ञान व शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती तिची स्वतःचीच असली पाहिजे, आईने दिलेली संमती तिच्याऐवजी चालत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका स्त्रीच्या शस्त्रक्रियेच्या प्रकरणी दिला आहे. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या लक्ष्य कार्यक्रमात प्रसूतीच्या वेळी बाईजवळ तिच्या विश्वासाची एक सोबतीण असावी, अशीही तरतूद आहे. या गोष्टी आपल्या घरांतून ठाऊक असावयास हव्यात.

येथे आम्ही स्वतःची एक चूक वाचकांपुढे ठेवितो. काही वर्षांमागे आमच्या थोरल्या कन्येच्या बाळंतपणी शस्त्रक्रिया करावी लागेल असे सांगण्यात आले आणि एक कागद पुढे आला. कन्या शुद्धीवर होती, शेजारच्याच खोलीत होती, शिकलेली होती. तरी घरातील कर्ता पुरुष या नात्याने आम्ही सही करून मोकळे झालो. दवाखान्याचा त्यात दोष नव्हता. कागद आम्हीच पुढे होऊन मागून घेतला होता. ईश्वरकृपेने सर्व सुखरूप झाले. पुष्कळ दिवसांनी मुलाला मांडीवर घेऊन बसली असता तिने सहज विचारले की, बाबा, त्या वेळी मला विचारावे असे तुमच्यापैकी कोणाच्याच मनात आले नाही का? तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते आम्हांस अधिक लागले. चाळीस वर्षे शाळेत मुलांना प्रश्न विचारण्याची सवय लावणाऱ्या आमच्यापाशी तिच्या या प्रश्नास उत्तर नव्हते.

आपल्या ज्ञातीत डोहाळजेवणाचा सोहळा हौसेने करतात. गर्भारशीला झोपाळ्यावर बसवितात, ओटी भरतात आणि तुला काय खावेसे वाटते हे दहा वेळा विचारतात. तिचे डोहाळे पुरविणे हे पुण्य मानतात. आमची ज्ञातिबांधवांना व भगिनींना एवढीच विनंती आहे की, त्याच आस्थेने तिला आणखी काही विचारावे. कोणाकडे तपासून घ्यावेसे वाटते, जवळ कोण असावेसे वाटते, डॉक्टर जे म्हणतात ते तिला कळले आहे काय, आणि तिची काय इच्छा आहे. तिने शंका विचारली तर डॉक्टरांपुढे तिला गप्प करू नये, आणि कागदावर सही करण्याची वेळ आली तर लेखणी प्रथम तिच्या हाती द्यावी. मातांसाठी झुरून गेलेल्या त्या थोर पुरुषाचे ऋण आपण एवढ्याने थोडे तरी फेडू, असे आम्हांस वाटते.